कपाटाच्या दारावरची नावं

पहिल्याच भेटीत प्रुइटसाहेबांनी मला पेन्सिल दिली. पिवळी, मागे खोडरबर असलेली, अंगावर कॉलेजचं नाव छापलेली. "आपला प्लॅन नेहमी पेन्सिलीनं लिहावा," ते म्हणाले. "आयुष्य बदलत असतं."

ते आमच्या कम्युनिटी कॉलेजचे काउन्सेलर. आमच्या खोऱ्यातल्या पोरांची रीत अशी की पहिली दोन वर्षं इथं घराजवळ, स्वस्तात काढायची आणि मग ट्रान्सफर घेऊन मोठ्या विद्यापीठात जायचं. त्यासाठी इथं कुठला विषय कधी घ्यायचा, हे सांगायला प्रुइटसाहेब. मी तेव्हा अठरा वर्षांची होते. म्हटलं, मला फिजिक्स करायचंय, समुद्राकाठच्या विद्यापीठात. त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. बुटांना शेण होतं, मी नाकारत नाही. आमच्याकडे साडेतीनशे गाई आहेत आणि त्या माझी अपॉइंटमेंट बघून शेण टाकत नाहीत. मग त्यांनी त्या पेन्सिलीनं कागदावर 'जनरल फिजिक्स' असं लिहिलं आणि म्हणाले, "हे घे. हे विद्यापीठात चालतं."

मी वर्षभर ते घेतलं. दोन्ही भागांत पहिली आले. मग उन्हाळ्यात विद्यापीठाच्या फिजिक्स विभागाची यादी स्वतः वाचली तेव्हा कळलं की ते चालतं, पण फिजिओथेरपी वगैरे शिकणाऱ्यांना. त्यात कॅल्क्युलस नाही. फिजिक्स शिकायला जाणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. मी तशीच गाडी काढली आणि प्रुइटसाहेबांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"अगं, शिकलेलं कधी वाया जात नाही," ते म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्या घरात पोर्तुगीज शिव्यांचा साठा मोठा आहे, आजोबांनी अझोर्स बेटांवरून येताना दुसरं काही आणलंच नव्हतं. पण त्या दिवशी त्यातली एकही आठवली नाही. घरी आले, दूध कंपनीचं जुनं कॅलेंडर उलटं केलं आणि गाईंवर नंबर टाकायच्या जाड काळ्या मार्करनं माझा प्लॅन मीच लिहिला. कॅल्क्युलसचे तीन भाग. केमिस्ट्री. आणि खरं फिजिक्स, तीन भागांत: चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस. प्रत्येक भाग आमच्याकडे वर्षातून एकदाच असतो. एक चुकला की वर्ष गेलं. तो कागद मी दुधाच्या टाकीच्या खोलीच्या दारावर चिकटवला. बाबांनी त्याच्या समासात गाईंच्या विण्याच्या तारखा लिहायला सुरुवात केली. कागद चांगला आहे, रिकामा कशाला ठेवायचा, म्हणाले.

चाळीस झालं. एक्केचाळीस झालं. नोव्हेंबरात विद्यापीठाकडे अर्ज गेला. त्यात मी लिहून दिलं होतं की बेचाळीस वसंताच्या सत्रात पूर्ण करीन. ते झालं नाही तर अर्ज बाद, असं त्यांनीही स्पष्ट लिहिलं होतं.

आणि जानेवारीत, सत्र सुरू व्हायच्या आदल्या सोमवारी, कॉलेजचं पत्र आलं. फिजिक्स बेचाळीसला सहा विद्यार्थी आहेत. किमान पंधरा लागतात. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पंधरा झाले नाहीत तर वर्ग रद्द. विद्यार्थ्यांनी कृपया पुढच्या वर्षी नाव घालावं.

कृपया! मी ते पत्र बाबांना वाचून दाखवलं. माझे बाबा, सेराफिम टोस्टे, एका गाईच्या पोटाखाली वाकले होते. ते तिथूनच म्हणाले, "मग थांब की एक वर्ष. गाई कुठं पळून चालल्यात?"

"गाई पळणार नाहीत, बाबा. तेच तर दुखणं आहे."

"तुझ्या वयाला मी..."

"माझ्या वयाला तुम्ही म्हणाला होतात की एक वर्ष दूध काढतो, मग बघू. कोणत्या साली ते?"

बाबा गाईखालून बाहेर आले. बादली उचलून गेले. मला वाईट वाटलं, पण बोललेले शब्द मागे घ्यावेत इतकं नाही.

दुसरं कॉलेज नव्वद मैलांवर आहे, तिथला वर्ग भरलेला. म्हणून मी मंगळवारी सकाळी डीनबाईंकडे गेले. खोऱ्यात धुकं इतकं होतं की मी खिडकी उघडून रस्त्याची पांढरी रेघ बघत गाडी चालवली. डीन मॅकॉर्डबाई हसतमुख आहेत. नाही म्हणतानासुद्धा हसतात.

"ओडिलिया, सहा मुलांसाठी वर्ग चालवणं आम्हाला परवडत नाही. नियम मी केलेला नाही."

"नऊ आणले तर?"

"कुठून आणणार? ज्यानं चाळीस पास केलंय त्यालाच बेचाळीसला बसता येतं. मागच्या वर्षी पास झालेल्या अकरांपैकी तुम्ही सहाजण उरलात. बाकीचे कुठं आहेत ते तुला माहीत आहे."

माहीत होतं. बदामाच्या कारखान्यात, ट्रकवर, नर्सिंगला, लग्नात.

"फक्त मागच्याच वर्षी पास झालेला हवा, असा नियम आहे का?"

मॅकॉर्डबाईंचं हसू थोडं कमी झालं. "नाही. कधीही पास झालेला चालेल. पण दोन आठवड्यांनी आम्ही हजेरी मोजतो..."

"आणि त्यानंतर वर्ग रद्द होत नाही."

"होत नाही. पण मोजणीनंतर लगेच नाव काढलं तरी फी परत मिळते, हे लोकांना माहीत असतं. तुझा डाव मला कळतोय."

"डाव कसला, मॅडम? सगळं उघडच चाललंय."

तिथून मी थेट फिजिक्सच्या प्रयोगशाळेत गेले. बेद्रोसियान सर आमचे एकुलते एक फिजिक्सचे मास्तर, सदुसष्ट वर्षांचे. त्यांचे आजोबा आर्मेनियातून जीव मुठीत धरून आले आणि त्यांनी इथं द्राक्षं लावली. सरांनी द्राक्षं सोडून लोलक धरला, एवढाच काय तो फरक, असं तेच सांगतात. मी म्हटलं, "सर, तुमच्या एकतीस वर्षांत फिजिक्स चाळीस पास झालेल्यांची यादी द्या."

"नाही देता येत. विद्यार्थ्यांची माहिती गुप्त ठेवायची, कायदा आहे."

"सर!"

"कायदा म्हणजे कायदा." ते उठले, कोपऱ्यातल्या उपकरणांच्या मोठ्या लोखंडी कपाटाजवळ गेले, किल्ली फिरवली आणि दोन्ही दारं सताड उघडली. "मला डबा खायचाय. अर्धा तास लागेल. कपाटातली धूळ जरा पुसून ठेवशील का?"

मी किती मूर्ख! वर्षभर ते कपाट उघडत होते. आमच्याकडे रीत आहे की चाळीस पास झालं की डाव्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करनं सही करायची, नाव आणि साल. बेचाळीस पास झालं की उजव्या दारावर. सरांच्या पहिल्या वर्षी एका पोरानं मस्ती म्हणून सही केली, सर ओरडले नाहीत, तेव्हापासून चालू आहे. डाव्या दारावर माझीही सही आहे, खाली बिजागरीजवळ, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. दोनशेच्या वर नावं. एकावर एक चढलेली, तिरकी, लाल, हिरवी.

उजव्या दारावर फक्त एक्केचाळीस नावं. मी दोनदा मोजली. बाकी पत्रा मोकळा, नवा असावा तसा. मला त्या मोकळ्या पत्र्याची चीड आली. डावीकडचे दीडशेच्या वर लोक मूर्ख होते का? नव्हते. त्यांना कुणीतरी कृपया पुढच्या वर्षी या म्हणालं होतं.

डाव्या दाराचे फोटो काढून मी निघाले.

पहिलं नाव मला ओळखीचं होतं. एलेउतेरियो सिस्नेरोस, २००९. हा आमच्या विहिरीचा पंप दुरुस्त करतो, सगळे त्याला तेयो म्हणतात. तो एका बदामाच्या बागेत, खड्ड्यात कमरेएवढा उतरलेला सापडला.

"तेयोकाका, तुम्ही फिजिक्स चाळीस पास झालात आणि मला कधी बोलला नाहीत?"

"पंप दुरुस्त करायला आलेला माणूस सर्टिफिकेट दाखवतो का? तो पाना दे." पाना दिला. "काय हवंय?"

मी सांगितलं. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दोन आठवडे वर्गात बसायचं. मग हवं तर नाव काढायचं.

"नुसतं बसायचं?"

"नुसतं."

"मी बारा वर्षं सासऱ्याच्या घरी नुसता बसतोय, दोन आठवड्यांचं काय घेऊन बसलीस!" तो खड्ड्यातून वर आला, हात पुसले आणि माझ्या फोनवर तिथल्या तिथं नाव घातलं. मग दाराच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाला, "हा राऊल, माझ्याबरोबर होता. आता टायरच्या दुकानात आहे. आणि ही क्रिस्टल. हिच्या वह्या बघून मी पास झालो. हिला मी सांगतो. हिनं खरं तर रॉकेट बनवायला पाहिजे होतं, आता शाळेच्या बसचं वेळापत्रक बनवते."

बुधवारी सकाळपर्यंत आम्ही सहा धरून नऊ झाले. पण दुपारपर्यंत नववरच अडकलं. मी फोन करत राहिले. काही नंबर बंद, काही लोक टेक्सासला. एक बाई म्हणाली, "पोरी, तुला दुसरं काम नाही का?" एक माणूस मेला होता, त्याच्या बायकोनं मला दहा मिनिटं धरून ठेवलं आणि त्याची सही कुठल्या रंगात आहे ते विचारलं. निळ्या, मी सांगितलं. तिनं फोटो पाठवायला सांगितलं, मी पाठवला. मग गोठ्याच्या पायरीवर बसून थोडा वेळ रडले. रागानंच रडले, असं मी स्वतःला सांगितलं.

बाबा आले. माझ्या हातातला फोन घेतला आणि डोळ्यांपासून लांब धरून नावं वाचू लागले. "ही लुसिया फागुंडेस, म्हणजे मानुएलची पोरगी. हा ब्राझील आडनावाचा, चीज कारखान्यात फोरमन आहे. हे तर आपल्यातले आहेत."

"मग?"

"मग आज बुधवार नाही का!"

बुधवारी आमच्या पोर्तुगीज हॉलमध्ये सगळ्यांचं एकत्र जेवण असतं. बाबा तिथं कोपऱ्यात बसतात, मूग गिळून. हिशेब विचारला तरी मान हलवतात. त्या दिवशी माझा बाप खुर्चीवर उभा राहिला. खुर्ची घडीची होती, मी खालून धरली.

"माझ्या मुलीला वर्गात माणसं हवीत," ते म्हणाले. "कॉलेजात एक दार आहे, त्यावर ज्यांची नावं आहेत त्यांनी हात वर करा. आपणहून करा. नाहीतर मी वाचून दाखवीन."

कुणीतरी हसलं. मागून मानुएल फागुंडेस ओरडला, "आणि नाही केला तर, सेराफिम?"

"तर मे महिन्यातल्या उत्सवाच्या सोपाशला गाय कोण देतं ते आठव."

आमच्या उत्सवात गावजेवण असतं. पाव आणि गोमांसाचा रस्सा, सोपाश म्हणतात, तो सगळ्यांना फुकट. अकरा वर्षं त्याची गाय आमच्या गोठ्यातून जाते. असल्या पुण्याच्या कामावरून धमकी देणं म्हणजे पापच, आणि म्हातारा पाद्री पुढच्याच टेबलावर बसला होता. पाद्रीबाबांनी वर पाहिलं, मग शांतपणे पाव मोडला आणि म्हणाले, "लुसिया, हात वर कर."

तीन हात वर झाले. बारा.

घरी येताना गाडीत मी म्हटलं, "बाबा, खरंच गाय दिली नसतीत?"

"वेडी आहेस का? पवित्र आत्म्याची गाय आहे ती." थोड्या वेळानं म्हणाले, "तू म्हणालीस ना कोणत्या साली. एकोणीसशे एक्याण्णव साली."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि त्यांनी तो ठेवू दिला.

गुरुवारी औषधाच्या दुकानातली सुआ वांग तेरावी झाली. तिनं गिऱ्हाइकाच्या गोळ्या मोजता मोजता फक्त वेळ विचारली. चौदावा गुरतेज पन्नू, त्याचा ट्रक नेवाडात होता. त्यानं फोनवर विचारलं, "बेद्रोसियान सर अजून आहेत? तोच तपकिरी स्वेटर? मग घाल माझं नाव. थांब, मीच घालतो, ट्रक बाजूला लावू दे."

आणि चौदावरच शुक्रवार उजाडला.

शुक्रवारी दहा वाजता मी पुन्हा कपाटापुढे होते. यादीतले सगळे फोन झाले होते. मी टॉर्च घेऊन दार कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वाचायला लागले, एखादं नाव सुटलं असेल म्हणून. वर, अगदी कडेला, एका हिरव्या सहीच्या खाली काहीतरी करडं दिसलं. मी स्टूल घेतलं, टॉर्च तिरका धरला. पत्र्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं, जवळजवळ पुसलेलं.

डेनिस प्रुइट, १९९८.

मी स्टुलावर किती वेळ उभी होते कोण जाणे. सरांनी मागून विचारलं, "सापडलं का काही?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी डबा खातोय," सर म्हणाले. सव्वादहा वाजले होते आणि त्यांच्या हातात डबा नव्हता.

प्रुइटसाहेबांच्या खोलीबाहेर तीन मुलं रांगेत बसली होती. मी त्यांना ओलांडून आत गेले. ते एका मुलीला समजावत होते, हातात पिवळी पेन्सिल. मी त्या मुलीला म्हटलं, "पाच मिनिटं बाहेर बस. आणि यांनी कागदावर जे लिहिलंय त्यावर विश्वास ठेवायच्या आधी विद्यापीठाची यादी स्वतः वाच." ती घाबरून गेली.

"ओडिलिया, हे बरं नाही," प्रुइटसाहेब म्हणाले.

"तुम्ही चाळीस पास आहात."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. ते म्हणाले, "ते अजून दिसतं?"

"टॉर्च लावला तर दिसतं. पुढे काय झालं? बेचाळीस का नाही केलं?"

"नव्व्याण्णवचा वसंत." ते टेबलाकडे बघत होते. "आम्ही आठजण होतो. वर्ग रद्द झाला. पुढच्या वर्षी घे म्हणाले. मी म्हटलं, बरं. तोवर इथंच ऑफिसात कागद लावायचं काम मिळालं, तात्पुरतं."

मला त्यांची दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण ती रागाच्या खाली पार चेंगरली. "आणि म्हणून तुम्ही मला सोप्या वर्गात ढकललंत?"

"मला वाटलं, तू अधांतरी लटकू नयेस. किती जण लटकले ते मी बघितलंय. काहीतरी हातात पडावं, काहीतरी पूर्ण व्हावं..."

"मला वाचवायला निघालात आणि आणून तुमच्या शेजारी बसवलंत!" माझा आवाज बाहेरच्या रांगेपर्यंत गेला असणार. जाऊ दे. "सहाची चौदा माणसं केली मी, साहेब. खड्ड्यातून काढली, ट्रकवरून उतरवली. माझा बाप खुर्चीवर उभा राहिला. बारा वाजता वर्ग रद्द होईल तेव्हा ती मॅकॉर्डबाई मला पुन्हा तुमच्याकडेच पाठवील, आणि तुम्ही मला पेन्सिल द्याल. मी ती मोडून टाकीन, आधीच सांगते."

"मी इथला नोकर आहे. नोकरानं असं नाव घालणं..."

"नियम वाचलाय मी. चालतं. आणि तुमच्यासारखं नुसतं चालतं नव्हे, खरंच चालतं."

ते खिडकीकडे बघू लागले. खिडकीबाहेर धुकं तसंच होतं, पार्किंगमधल्या गाड्यासुद्धा दिसत नव्हत्या. मी दार आपटून निघाले. दार आपटलं नाही, त्याला हळू बंद होणारी स्प्रिंग होती. ते मला फार लागलं.

पावणेबारा. प्रयोगशाळेत सरांच्या कॉम्प्युटरवर आकडा चौदा. मी खुर्चीत, सर खिडकीशी. तेयो खड्ड्यातल्या कपड्यांतच आला होता. 'दवाखान्यात एकटं बसवत नाहीत माणसाला,' एवढंच म्हणाला. दहा कमी. पाच कमी. मॅकॉर्डबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, हातात कागद, चेहऱ्यावर ते हसू.

"ओडिलिया, तू फार प्रयत्न केलास, आम्हा सगळ्यांना..."

"बारा वाजले नाहीत अजून."

"तीन मिनिटं आहेत."

"मग तीन मिनिटं थांबा," तेयो म्हणाला. "बसा ना, मॅडम. नुसतं बसायचं, काही अवघड नाही."

सरांनी स्क्रीन रिफ्रेश केला. चौदा. पुन्हा. चौदा. पुन्हा. मग त्यांनी चष्मा काढला, स्वेटरला पुसला, घातला आणि स्क्रीन बाईंकडे वळवला.

पंधरा.

"कोण?" बाईंनी विचारलं.

"विद्यार्थ्यांची माहिती गुप्त असते," सर म्हणाले.

बाई कागदाची घडी घालत होत्या. "यातले निम्मे दोन आठवड्यांनी नाव काढतील, हे तुम्हालाही माहीत आहे."

"काढतील," मी म्हटलं. "पण आधी येतील."

आले. सोमवारी संध्याकाळी पंधराच्या पंधरा. पन्नू थेट ट्रक घेऊन आला आणि त्यानं चार जणांच्या पार्किंगची जागा अडवली. लुसिया सगळ्यांसाठी गोड पाव घेऊन आली. सरांनी फळ्यावर तरंगाचं समीकरण लिहिलं. मागच्या ओळीत, दाराजवळ, प्रुइटसाहेब टाय सोडून बसले होते. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

दोन आठवड्यांनी मोजणी झाली आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून माणसं गळायला लागली, ठरल्याप्रमाणे, हसतमुखानं, पाठीवर थाप मारून. तेयो मार्चपर्यंत टिकला. मग शेतांना पाणी सुरू झालं, पंपांचा हंगाम आला आणि तो गेला. जाताना म्हणाला, "प्रकाशाचं ते वाकणं मला कळलं बघ, ओडी. पाण्यात पाना वाकडा का दिसतो ते. पंधरा वर्षं वाकडाच बघत होतो." मी त्याला जाऊ नको म्हणाले. तो गेला. सगळं काही जिंकता येत नाही, आणि त्याचा मला अजून राग आहे.

आठजण उरलो. आम्ही सहा, क्रिस्टल, आणि प्रुइटसाहेब. पहिल्या चाचणीत त्यांना एक्केचाळीस मार्क पडले. वर्ग सुटल्यावर ते माझ्या बाकाजवळ येऊन घुटमळले, ताकाला आलेले आणि भांडं लपवणारे. मी त्यांना माफ केलं नव्हतं. म्हटलं, "मंगळवारी पाच वाजता आमच्या गोठ्यावर या. बूट जुने घाला." ते आले. टाकीच्या खोलीत, माझ्या प्लॅनच्या कागदाखाली, उलट्या बादलीवर बसून त्यांनी डिफ्रॅक्शनची गणितं सोडवली. बाबांनी एकदा डोकावून विचारलं, "हाच का तो?" मी म्हटलं, हाच. बाबांनी त्यांना दूध दिलं, पण साखर विचारली नाही.

एप्रिलच्या शेवटी विद्यापीठाचं पत्र आलं. प्रवेश आहे, बेचाळीस पास होण्याच्या अटीवर.

मे महिन्यात, निकालाच्या दिवशी, सरांनी कपाट उघडलं. मी उजव्या दारावर नाव लिहिलं, मधोमध, दूध कंपनीच्या कॅलेंडरवर वापरलेल्या त्याच काळ्या मार्करनं. ओडिलिया टोस्टे. अक्षर गरजेपेक्षा मोठं काढलं. मग बाकीच्यांनी सह्या केल्या. क्रिस्टलनं करताना शिवी दिली, कुणाला ते सांगितलं नाही.

प्रुइटसाहेब सगळ्यांत शेवटी होते. अगदी काठावर पास झाले होते. ते दाराजवळ गेले, वरच्या कोपऱ्यातली कडेची जागा शोधली आणि सवयीनं खिशातून पिवळी पेन्सिल काढली.

"साहेब," मी म्हटलं.

त्यांनी हातातल्या पेन्सिलीकडे पाहिलं. मी मार्करचं टोपण काढलं आणि तो त्यांच्यापुढे धरला.